दिवसाचे कलम

लिहिण्यासाठी तासलेला बोरू हे कलम; दफ्तरातील यादीत, हुकुमात किंवा रोजनिशीत जी एकेक स्वतंत्र नोंद येते तीही कलम; आणि बागवान एका झाडाची कोवळी फांदी कापून दुसऱ्या झाडाच्या बुंध्यावर बांधतो, त्यालाही आपण कलमच म्हणतो. अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या या एका शब्दाने मराठी माणसाच्या हाताला, हिशेबाला आणि बागेला एकाच वेळी आपलेसे केले, हा मला निव्वळ भाषेचा योगायोग वाटत नाही. कारण सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या मुलखात रोज थोडे, दोन-चार ओळींचे, डोळ्यांसमोर घडले तेवढेच लिहून ठेवण्याची जी रीत तीनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे, तिच्यात साधन, नोंद आणि रोपण या तिन्ही गोष्टी एकवटलेल्या आहेत. या रीतीचा इतिहास मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत तळटिपांच्या जागी येतो. तो मुख्य मजकुराच्या जागी आणून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

जुन्या दफ्तराचा रुमाल सोडून त्यातील रोजकीर्दीचा एखादा बंद ज्याने हातात घेतला असेल, त्याला पहिली ओळख होते ती कागदाची. हातकागद जाडसर, लांबट आणि अरुंद असतो, आणि दुमडीवर तपकिरी पडलेला असतो. त्यावर मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने आधी डावीकडून उजवीकडे सलग रेघ ओढलेली असते आणि मग त्या रेघेखाली, बोरू शक्य तितका न उचलता, अक्षरांची माळ ओवलेली असते. शाई वाळावी म्हणून टाकलेल्या वाळूचा एखादा बारीक कण अजूनही अक्षराच्या वेलांटीत अडकून चमकतो. समासात तारीख असते, आणि तिच्या आरंभी 'छ' हे एकच अक्षर. हा छ म्हणजे चंद्र. त्याच्यापुढे रबिलावल, जमादिलाखर, सफर असा मुसलमानी महिना. आणि वर्ष मात्र चांद्र नव्हे, तर सुहूर सन, ज्याचे आकडे इसन्ने, सलास, अर्बा, खमस अशा अरबी नावांनी लिहिले जात. हे वर्ष सुरू होई ते सूर्य मृग नक्षत्रात शिरे तेव्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर. म्हणूनच लोक त्याला मृगसाल म्हणत. ज्या राज्याचे दफ्तर पावसाच्या पहिल्या चाहुलीला नवे वर्ष धरत होते, त्या राज्याच्या रोजनिशीला निसर्गाकडे पाहायला वेगळे शिकवावे लागले नसेल.

ही रोजनिशी मुळात आत्मचिंतनाची वही नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. छत्रपतींच्या आणि पुढे पेशव्यांच्या फडावर दररोज जे हुकूम सुटत, ज्या सनदा दिल्या जात, जे नेमणुकीचे, सुटीचे, इनामाचे, दंडाचे निर्णय होत, ते सर्व त्या त्या दिवशीच्या कीर्दीत चढवल्याखेरीज पुढे जात नसत. हुजूर दफ्तरात दोनशेंच्या आसपास कारकून या कामावर बसत. फडणीस त्यांच्यावर देखरेख करी. आणि जे कलम कीर्दीस लागले नाही ते झालेच नाही, असा त्या शिस्तीचा रोख होता. थोरल्या माधवरावांच्या आणि नाना फडणीसांच्या काळात हे दफ्तर अत्यंत नीटनेटके होते, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ते विस्कळित झाले, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. राज्य कसे चालले आहे हे जाणण्यासाठी त्या वर्षाच्या लढाया मोजण्यापेक्षा त्या वर्षाची कीर्द कशी लिहिली आहे हे पाहावे, असे माझे मत होत चालले आहे.

या कागदांतील सत्त्व लोकांपुढे आले ते रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांच्या चिकाटीमुळे. सरकारच्या परवानगीने त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रोजनिशींतून निवडक उतारे काढले, मोडीतून बालबोधीत आणवले, विषयवार लावले, आणि डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीने ते १९०२ पासून नऊ भागांत छापून काढले. पहिला भाग साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा. न्यायमूर्ती रानडे यांनी या उताऱ्यांची प्रस्तावना म्हणून १९०० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे जो निबंध वाचला, त्याचा मुख्य मुद्दा हा की बखरी आणि इंग्रजी ग्रंथ राजकारणाची घडामोड सांगतात, पण रयत कशी जगत होती, कशाने सुखी आणि कशाने त्रस्त होती, हे या रोजनिशींखेरीज कोठेही सापडत नाही. दुष्काळात सोडलेला सारा, टांकसाळीचे परवाने, दारूबंदीचे हुकूम, वेठीच्या तक्रारी, बळाने बाटवलेल्यांना पुन्हा जातीत घेण्याच्या आज्ञा, विद्वानांची दक्षिणा, जासुदांची मजुरी असे शेकडो विषय त्यांत एकापुढे एक येतात. त्यांत क्रम असतो तो फक्त दिवसांचा.

बखर आणि रोजनिशी यांत जो भेद रानड्यांनी विषयाच्या अंगाने पाहिला, तो मला काळाच्या अंगाने अधिक मोलाचा वाटतो. बखरकार लिहायला बसतो तेव्हा शेवट त्याला ठाऊक असतो, म्हणून आधीच्या प्रत्येक गोष्टीवर त्या शेवटाची छाया पडते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचा सूर्य कसा उगवेल याची कल्पना नसते, म्हणून आजचा दिवस त्याच्या हातून जसाच्या तसा उतरतो. हा भेद पाहायचा तर साताऱ्यापासून जवळच असलेल्या वाईला जावे लागते. इतिहासाचार्य राजवाडे यांना तेथे एरंडे यांच्या घरी जे कागद सापडले, त्यांवरून त्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७६० सालची, उत्तरेच्या मोहिमेवरून निघालेली पत्रे आहेत. यमुनेला पूर आला आहे, उतार मिळत नाही, रसद पोचवा, ऐवज पाठवा, नावा जमवा, अशा मजकुराची ती दिवसादिवसाची पत्रे वाचताना वाचक हळूहळू कासावीस होत जातो. कारण १४ जानेवारी १७६१ हा दिवस त्याला माहीत असतो आणि लिहिणाराला माहीत नसतो. पानिपतावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण त्या पुराच्या पाण्याने अडलेल्या सैन्याच्या चिंतेची जी जिवंत धग या चार-चार ओळींत आहे, ती नंतरच्या कोणत्याही वर्णनात मला आढळली नाही. त्याच रणातून जीव वाचवून परतलेल्या तरुण नाना फडणीसांनी पुढे आत्मचरित्र लिहिले, आणि वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर वाडा बांधून तेथे आपले दफ्तर सांभाळले. त्यांचे आत्मचरित्र प्रांजळ आहे, मनाच्या दुबळ्या जागा ते लपवत नाही. तरीही ते मागे वळून पाहणे आहे, त्या त्या दिवशीचे पाहणे नव्हे.

कचेरीची ही शिस्त मनाची शिस्त कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना साताऱ्याच्या नैर्ऋत्येला, उरमोडीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या परळीच्या किल्ल्याकडे, म्हणजे सज्जनगडाकडे दृष्टी जाते. समर्थ रामदास १६७६ पासून १६८२ मधील आपल्या निर्याणापर्यंत तेथे राहिले. लग्नमंडपात भटजींच्या तोंडचा 'सावधान' हा शब्द ऐकून बारा वर्षांचा मुलगा बोहल्यावरून निघून गेला ही कथा ऐतिहासिक कसोटीला कितपत उतरेल याचा वाद पंडितांनी घालावा. परंतु लोकांनी समर्थांच्या आयुष्याचा आरंभ नेमक्या या शब्दापाशी ठेवला, यात लोकांचे मर्मज्ञत्व आहे. दासबोधात हरिकथा आणि राजकारण यांच्यामागोमाग समर्थ सर्व विषयांतील सावधपणाला स्थान देतात आणि त्याला साक्षेपाची जोड देतात. आज ज्याच्या, जागृत अवधान या नावाने, परदेशांतून पद्धती शिकवल्या जातात, आणि त्यांत रोज थोडेसे निरीक्षण लिहावे असे सांगितले जाते, त्याला आपल्या भाषेत साडेतीनशे वर्षांपूर्वीच हे सावधपण नाव होते.

या सावधपणाची सांगड समर्थांनी लेखणीशी घातली, हे विसरून चालणार नाही. दिवसातून काही ना काही लिहावे आणि वाचन तर खंडू देऊ नये, हा त्यांच्या नावाने सांगितला जाणारा उपदेश मराठी घरांत मुलांना अक्षर गिरवतानाच मिळतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर संपूर्ण लेखनक्रियेवर खर्च झाला आहे: अक्षराची गोलाई, ओळींतील समान अंतर, काना-मात्रांची जागा, समास, शाई, कागद, लेखण्यांचे प्रकार, पोथीची बांधणी. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात शाईची कृती कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण हात सावध झाला की डोळा सावध होतो आणि डोळ्यामागोमाग चित्त, हा समर्थांचा अनुभव असावा. तारुण्यात त्यांनी स्वहस्ते उतरलेल्या वाल्मीकिरामायणाची जी प्रत धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जपून ठेवली आहे, ती या अनुभवाची साक्ष आहे.

सज्जनगडाच्या छायेतल्याच साताऱ्यात पुढे असा एक राजा झाला की ज्याच्या हयातीत दरबारी रोजनिशी आणि माणसाची रोजनिशी यांची गाठ पडली. प्रतापसिंह महाराजांचा जन्म १७९३ चा. थोरल्या शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर साताऱ्याची गादी नावापुरती उरली होती. छत्रपती किल्ल्यावर नजरकैदेत, आणि राज्य पुण्याहून त्यांच्या नावाने चाललेले. राजपुत्रांना शिक्षण मिळू नये अशी पेशव्यांची दक्षता असे, म्हणून प्रतापसिंहांच्या मातोश्रींनी त्यांना रात्रीच्या वेळी गुपचूप अक्षरओळख करून दिली, असे परंपरा सांगते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, महाराज इंग्रजांच्या हाती आले, आणि एप्रिलात त्यांना साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसवण्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना वारणा आणि नीरा यांमधले राज्य मिळाले. १८२२ मध्ये कारभार हाती आला. पुढील काही वर्षांत त्यांनी रस्ते बांधले, यवतेश्वराच्या डोंगरावरून नळाने शहरात पाणी आणले, पाठशाळा काढली, ग्रंथसंग्रह केला, आणि राज्याचा हिशेब स्वतः बसून पाहिला. पोलिटिकल एजंट ग्रँट डफ यांना मराठ्यांचा इतिहास लिहिण्यासाठी साताऱ्याच्या दफ्तरातील कागद मिळाले ते याच महाराजांच्या औदार्याने.

याच महाराजांनी रोजनिशी ठेवली. पुण्याच्या पुराभिलेखागारातील सातारा दफ्तरात ती आहे, आणि सातारा राज्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिचा उपयोग केला आहे. मला मात्र या रोजनिशीच्या मजकुराइतकीच तिची परिस्थिती विचारात पाडते. १८१९ च्या तहाने महाराजांना परराज्यांशी पत्रव्यवहार करण्याची मनाई होती. ज्या घराण्याच्या मूळपुरुषाची पत्रे गोवळकोंड्यापासून आग्र्यापर्यंत गेली, त्या घराण्याच्या वारसाने कोणाला पत्र लिहिले हाच पुढे अपराध ठरला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा, आणि कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप ठेवून ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले. अशा राजाच्या हातात असे कोणते लेखन उरते की ज्याचा कोणी मायना पाहणार नाही आणि जे कोणत्याही दरबारी पोचवायचे नाही? रोजनिशी हे ते लेखन. तिला पत्ता नसतो. आज काय घडले, कोण भेटीस आले, कोणते काम मार्गी लागले, कोणता कागद तपासला, हे ज्याचे त्याने आपल्यासाठी लिहायचे. राज्याची सत्ता जितकी आकसत जाते तितकी दिवसावरील ही सत्ता माणसाला मोलाची वाटते, असे मला प्रतापसिंहांकडे पाहताना प्रकर्षाने जाणवते. काशीच्या हद्दपारीत १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये चौदा वर्षे झगडत राहिले. आणि १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी महाराज निवर्तल्यावर डलहौसीने राज्य खालसा केले. दरबाराचे दफ्तर तेथे थांबले.

शेजारच्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी १८७० साली विलायतेच्या प्रवासात दैनंदिनी लिहिली, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे त्यांचे अकाली निधन झाल्यावर ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. पण ती इंग्रजीत होती आणि तिचा घाट इंग्रजी होता. साताऱ्याच्या रोजनिशीचे गोत्र निराळे. ती मोडीची मुलगी.

सांगलीकडे वळले की राजवाड्यापेक्षा छावणी अधिक दिसते. पटवर्धन हे मुळात लढाऊ सरदार. मिरज, तासगाव, आणि १८०१ च्या वाटणीनंतर चिंतामणराव आप्पासाहेबांनी वसवलेली सांगली ही त्यांची ठाणी. या घराण्यातील माणसे वर्षाचे आठ महिने स्वारीवर असत, आणि स्वारीवरून घरी, घरून स्वारीवर, एका भावाकडून दुसऱ्याकडे पत्रे सतत जात-येत असत. परशुरामभाऊ टिपूवरील मोहिमेत १७९० च्या पावसाळ्यानंतर धारवाडच्या वेढ्याला बसले तो वेढा पुढल्या वर्षीच्या एप्रिलापर्यंत चालला. अशा कंटाळवाण्या, चिकट वेढ्यात माणसाला दिवस मोजण्यावाचून दुसरे काय असते? मोर्चा किती हात पुढे सरला, दाण्याचा भाव काय झाला, कोणाचा घोडा पडला, पाऊस आला की गेला, वैरण कोठून आणली, हे लिहिता लिहिता दिवस पुरा होई. येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे, या ठरलेल्या मायन्यातले 'लिहीत जाणे' हे शब्द आपण वाचताना ओलांडून जातो; त्यांत एकदा लिहा असे म्हटलेले नाही, लिहीत राहा असे म्हटले आहे.

ही पत्रे आज आपल्याला वाचता येतात त्याचे श्रेय मिरजेच्या एका शाळामास्तरांना आहे. वासुदेव वामन खरे, ज्यांना महाराष्ट्र वासुदेवशास्त्री म्हणून ओळखतो, ते गुहागरचे. मिरजेच्या हायस्कुलात शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनी दफ्तराचे रुमाल उलगडीत. १८९७ पासून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९२४ मध्ये देह ठेवीपर्यंत ते काम सोडले नाही. पत्रे कालानुक्रमाने लावून प्रत्येक प्रकरणाआधी शास्त्रीबोवांनी घटनांचा जो संगतवार वृत्तांत दिला आहे, तो वाचताना त्यांच्या धीम्या, स्थिर नजरेचा प्रत्यय येतो. शेकडो माणसांनी आपापल्या दिवशी जे पाहिले ते या गृहस्थांनी सत्तावीस वर्षे रोज थोडे थोडे वाचले, ताडून पाहिले, लिहून काढले. हेही एक अनुष्ठानच होते, आणि साताऱ्याला दत्तात्रेय बळवंत पारसनीस त्याच काळात असेच अनुष्ठान करीत होते. या मंडळींपुढे आजचा अभ्यासक, साऱ्या सोयी असून, हात जोडून उभा राहिला तर ते योग्यच होईल.

राज्ये गेली, सरदार गेले, मोडी गेली. रोज दोन ओळी लिहिण्याची रीत मात्र घरांत शिरून राहिली. तिचे ठिकाण झाले पंचांगाचा समास. कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या पंचांगांचा गठ्ठा निघतो, आणि त्यांच्या तिथींच्या शेजारी शिसपेन्सिलीने केलेल्या नोंदी असतात. गाय व्याली, मुलगी सासरी गेली, जोंधळा किती पायली झाला, कोणत्या नक्षत्राचे वाहन काय आणि त्याप्रमाणे पाऊस पडला की नाही. माझे आजोबा कऱ्हाडला राहत. कोयना आणि कृष्णा जेथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर त्यांची पहाटेची फेरी असे, आणि परत आल्यावर चहा होण्याआधी ते पंचांगात एक ओळ लिहीत. 'मृग लागला. पाऊस नाही. वारा पश्चिमेचा.' आठ दिवसांनी: 'कोयनेस गढूळ पाणी. कृष्णा अजून नितळ. संगमात रेघ दिसते.' लहानपणी या ओळी मला कोरड्या वाटत. आता, घाटावर पाऊस आधी कोणत्या खोऱ्यात उतरला हे त्या माणसाला दोन नद्यांच्या रंगावरून कळत होते, हे लक्षात येते, आणि त्या ओळीपाशी मी थबकतो.

त्याच गठ्ठ्यात १९६७ सालचे पंचांग आहे. ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेंहून अधिक माणसे मेली, आणि साऱ्या जिल्ह्याने पुढच्या कित्येक रात्री अंगणात काढल्या. त्या दिवसाच्या समासात आजोबांनी लिहिले आहे: 'पहाटे धरणीकंप. माजघराच्या भिंतीस तडा. सर्व सुखरूप. दूध उशिरा आले.' शेवटचे वाक्य वाचून मला पूर्वी हसू येई. पुढे एकदा आईने सांगितले की त्या सकाळी दूधवाला येतो की नाही यावर सगळ्या आळीचे लक्ष लागले होते. तो आला, उशिरा का होईना आला, तेव्हा नदीपलीकडची वस्ती उभी आहे हे लोकांना कळले. ते तीन शब्द बातमी होते.

ही सवय मोठ्या पदावरही कृष्णाकाठच्या माणसाला सोडत नाही, याचा पुरावा यशवंतराव चव्हाणांनी ठेवला आहे. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे. ते तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे, कारण १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध चालू असताना संरक्षणमंत्री म्हणून दिवसभर जे निर्णय त्यांच्यापुढून गेले, त्यांची टिपणे त्यांनी रोजच्या रोज स्वतःच्या हाताने केली. त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी या टिपणांच्या आधारे २००७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा युद्धाकडे पाहण्याची एक नवी खिडकी उघडली. १७६० च्या यमुनाकाठच्या पत्रांप्रमाणे येथेही लिहिणाऱ्याला उद्याची खबर नाही. एवढ्या कल्लोळात दिवस मावळताना वही उघडून बसण्याचे जे स्थैर्य लागते, त्याचे मूळ मी देवराष्ट्रे आणि कऱ्हाड या परिसरातल्या कीर्द-खतावणीच्या वातावरणात शोधतो. कोणी त्यात ओढाताण पाहिली तरी माझी हरकत नाही.

आणि आटपाडीजवळच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. माणदेशाच्या उजाड माळावर, जेथे दिवसात दहा गोष्टीसुद्धा घडत नाहीत, तेथे वाढलेल्या या लेखकाने पाहण्याची विद्या अशी काही कमावली की पुढे विदर्भातील नागझिऱ्याच्या अरण्यात जाऊन राहिल्यावर एका पाणवठ्यावर कोण कधी आले, कोठल्या झाडाला कोणता पक्षी लागला, माकडांनी कशी हाक दिली, एवढ्याच सामग्रीवर त्यांनी 'नागझिरा' हे पुस्तक उभे केले. त्यात कथा नाही. दिवस आहेत. दुष्काळी मुलखातल्या माणसाला थोड्याशा हालचालीचेही मोल कळते. भरपूर पावसाच्या प्रदेशातून असे पुस्तक आले असते का, याची मला शंका आहे.

सांगलीत या रीतीचे आजचे रूप नदीच्या काठी पाहायला मिळते. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची उंची फुटा-इंचांत मोजली जाते. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट धोक्याची. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फूट ओलांडून त्याने निम्मे शहर बुडवले. तेव्हापासून जुलै लागला की सांगलीच्या घराघरांत एकमेकांना पहिला प्रश्न असतो: आज पुलाला किती? कोयना धरणातून किती सोडले, ते पोचायला किती वेळ लागेल, वारणेचे काय, हे हिशेब चहाच्या टपरीवर सुद्धा बिनचूक होतात.

नदीकाठच्या एका पेठेत एका जुन्या स्नेह्यांकडे मी २०१९ च्या पुरानंतर दोन महिन्यांनी गेलो होतो. भिंतीवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ होती आणि नवा रंग अजून द्यायचा होता. वहिनींनी वरच्या मजल्यावर वाचलेले भिंतीवरचे कॅलेंडर काढून दाखवले. ऑगस्टच्या प्रत्येक चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या खाली, बारीक अक्षरात त्यांनी पाण्याची उंची लिहिली होती. काही दिवशी सकाळ, दुपार, रात्र अशी तीनदा. एके ठिकाणी आकड्याच्या जागी 'जिन्याची चौथी पायरी' होते, दुसऱ्या दिवशी 'सातवी', मग तीन दिवस 'सातवी', मग 'सहावी, उतरतेय'. त्यानंतरच्या चौकोनात पाण्याचा उल्लेख नव्हता. तेथे लिहिले होते: 'ऊन पडले. गाद्या गच्चीवर.'